चित्र दाखवणाऱ्या तीन पाकळ्या

डोंगराच्या कुशीत गुलाबांचा मळा होता. लाल, केशरी, शेंदरी, दुधासारखे पांढरेशुभ्र गुलाब! वाऱ्याची झुळूक आली की सगळा मळा डुलायचा. तिथे रुंजीची आई खुरपणी करायची. रुंजीला एकच फ्रॉक होता. इंग्रजीचं पुस्तकही कुणीतरी वापरून दिलेलं. आधीच्या मुलाने त्यातली चित्रं कापून नेली होती. शब्द तेवढे उरले होते आणि चित्रांच्या जागी चौकोनी खिडक्या.

वर्गात बाईंनी विचारलं, "रुंजी, बटरफ्लाय म्हणजे काय गं?"

बटर म्हणजे लोणी, फ्लाय म्हणजे माशी, एवढं तिला ठाऊक होतं. "लोण्यावर बसलेली माशी!"

वर्ग खो-खो हसला. रुंजीचे कान लाललाल झाले.

बाई म्हणाल्या, "असू दे. सोमवारी 'होरायझन'चा अर्थ जो सांगेल, त्याला रंगांची पेटी!"

रविवारी रुंजी पुस्तक घेऊन मळ्यात बसली होती. इतक्यात झुडपाखालून मुसमुसणं ऐकू आलं. पाहते तर काय, करंगळीएवढी इवलीशी परी! तिचा चंदेरी पंख काट्यात अडकला होता.

"रडू नकोस हं," म्हणत रुंजीने काटा हळूच मोडला. तिच्या बोटातून रक्ताचा टिपूस आला, पण पंखावर ओरखडाही उठला नाही.

"किती हलका हात गं तुझा!" परी म्हणाली. "माग, काय हवं?"

रुंजीने पुस्तकातल्या खिडक्या दाखवल्या. "मला शब्दांची चित्रं बघायचीत."

परीने तिच्या ओंजळीत तीन लखलखत्या पाकळ्या ठेवल्या. "शब्दावर पाकळी ठेव, चित्र उमटेल. पण एका पाकळीला एकच शब्द. चित्र दिसलं की पाकळी विरून जाईल. चौथी काही मिळायची नाही!" आणि परी फुलांत दिसेनाशी झाली.

रुंजीने पहिली पाकळी ठेवली 'बटरफ्लाय'वर. पाकळीवर निळं-पिवळं फुलपाखरू भिरभिरलं! दुसरी ठेवली 'रेनबो'वर. सातही रंगांची कमान तिच्या तळहातावर झुलली. आता तिसरी 'होरायझन'वर... रंगांची पेटी तिला दिसूच लागली.

तेवढ्यात समोर जनामावशी दिसली. जनामावशी आईसोबत खुरपायची. तिने शेडमागे सापडलेला एक हिरवा डबा विसळून पाण्याने भरला होता आणि आता ती तो तोंडाला लावणार होती. डब्यावरचं चित्र उन्हाने उडून गेलं होतं. उरला होता नुसता इंग्रजी शब्द.

"मावशे, थांब! त्यावर काय लिहिलंय?"

"मला मेलीला काय कळतंय? तहान लागलीय गं."

शब्द रुंजीलाही येत नव्हता. तिने हातातल्या पाकळीकडे पाहिलं. क्षणभरच. मग धावत जाऊन तिने ती डब्यावरच्या शब्दावर टेकवली. पाकळीवर पांढरी कवटी उमटली, खाली दोन हाडांची फुली!

"विष आहे, मावशे! टाक तो डबा!"

डबा खाली पडला. मावशीने रुंजीला घट्ट पोटाशी धरलं. पाकळी मात्र कधीच विरून गेली होती.

रुंजीने चुलीतला कोळसा आणला. शेडमधल्या फवारणीच्या ज्या ज्या डब्यावर तो शब्द होता, त्या प्रत्येकावर तिने कवटी काढली. मावशीला वाचता येत नव्हतं, पण चित्र कुणालाही कळतं.

ऊन कलताना परी पुन्हा आली. "तुझी रंगपेटी गेली ना गं?"

"गेली," रुंजी म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "पण मावशी आहे."

परीने तिच्या दहाही बोटांवर फुंकर घातली. बोटांच्या टोकांवर दहा रंग चमचमले. "हे कधी संपायचे नाहीत. पण दुसऱ्याला समजावं म्हणून काढशील, तेव्हाच उमटतील हं!" असं म्हणत परी सोनेरी उजेडात विरघळली. सारा मळा क्षणभर झगमगला.

सोमवारी 'होरायझन म्हणजे क्षितिज' असं सांगून रंगपेटी दुसऱ्याच मुलीने मिळवली. रुंजीने तिच्यासाठी मनापासून टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी जनामावशी औषधांच्या दोन पुड्या घेऊन आली. "यातली कुठली कधी घ्यायची, तेच उमगत नाही बघ."

पुड्यांवर इंग्रजीत लिहिलं होतं. हे शब्द मात्र रुंजीला येत होते. तिने एकीवर बोटाने केशरी सूर्य काढला, दुसरीवर रुपेरी चांदोबा, आणि दोन्ही शब्द वाचून दाखवले.

मावशीने सूर्याखालच्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"मॉ... मॉर्निंग," ती म्हणाली. आणि साठाव्या वर्षी लहान मुलीसारखी लाजली.