अकरा गावे

तालुक्याच्या एका गावी, जेथे हृदयाचा दुसरा तज्ज्ञ औषधालाही मिळत नव्हता, तेथे एक वृद्ध डॉक्टर धर्मादाय दवाखाना चालवीत असत. त्यांचे नाव अच्युतराव पाळंदे. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात तीस वर्षे काढून ते उतारवयात इकडे आले होते. त्यांच्या हाताखाली शिकायला केतकी भुस्कुटे नावाची एक तरुण डॉक्टर राहिली होती. बुद्धीने तल्लख, हाताने हलकी, आणि आपल्या कानांवर तिचा फार विश्वास.

त्यांच्या रुग्णांत मथुराबाई दहिवाळ नावाची एक कासारीण होती. वय साठीच्या आतबाहेर. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन ती गावोगाव हिंडे. हृदयातून रक्त बाहेर पडते त्या दारावरची तिची झडप चुन्यासारखी कडक होत चालली होती. दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीत ती मध्यम अरुंद झालेली दिसली. छातीला नळी लावली की मोठा खरखरीत आवाज येई, तो मानेपर्यंत ऐकू जाई. पाळंदे तिला दर सहा महिन्यांनी बोलावीत आणि विचारीत, "दम लागतो का? छातीत दुखतं का?" ती नाही म्हणे. ते तसे कागदावर लिहून ठेवीत.

त्या वर्षी पाळंदे लेकीच्या आजारपणासाठी दोन महिने परगावी गेले. मागे केतकीने मथुराबाईंना तपासले. आवाज पुष्कळच कमी झाला होता. तिने तीनदा ऐकून खात्री करून घेतली. दम लागत नाही, दुखत नाही, असे मथुराबाईंनी सांगितले. इकोचे यंत्र जिल्ह्याच्या गावी होते, जाण्यायेण्यात सगळा दिवस मोडत असे. केतकी म्हणाली, आवाज उतरलाय, बरं लक्षण आहे, तपासणीची आत्ता घाई नाही. मथुराबाईंचा चेहरा उजळला. जाताना त्यांनी केतकीच्या हातात बळेच चार हिरव्या बांगड्या भरल्या.

सात आठवड्यांनी पाळंदे परतले. केतकीने आनंदाने त्यांना तो कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि उठून पायांत चपला घातल्या. मथुराबाईंच्या घरी जायचे आहे, एवढेच म्हणाले.

मथुराबाई ओट्यावर बसून बांगड्या निवडत होत्या. डॉक्टर दारी आलेले पाहून त्या उठू लागल्या, तर त्यांनी हातानेच बसवले. केतकीला वाटले, आता सर छाती तपासतील. पण त्यांनी पिशवी उघडलीच नाही. ते समोर बसले आणि विचारले, "मथुराबाई, तुम्ही बांगड्या भरायला कोणकोणत्या गावांना जाता, ती नावं सांगा बघू."

केतकीला हे चमत्कारिक वाटले. मथुराबाईंनी मात्र हौसेने अकरा गावांची नावे सांगितली. मग पाळंद्यांनी विचारले, गेल्या महिन्यात यांतल्या किती गावांना गेलात?

मथुराबाई म्हणाल्या, "दोन."

"आणि बाकीची?"

प्रत्येक गावाला कारण होते. माथ्यावरच्या गावात आता दुकान झाले होते. ओढ्यापलीकडच्या गावी घाटी उतरून चढावी लागे, तेवढ्यासाठी कशाला जायचे. तिसऱ्या गावातल्या बायका घासाघीस फार करीत. चौथ्या-पाचव्या गावी सूनच जाऊ लागली होती. ऐकता ऐकता केतकीच्या ध्यानात आले की सुटलेले एकूणएक गाव चढाचे होते, आणि उरलेली दोन सपाटीची.

सून शोभा दारात उभी होती. पाळंद्यांनी तिच्याकडे पाहिले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "त्या दोन गावांच्या वाटेवर पण दोनदा बसतात. मागच्या पंधरवड्यात विहिरीपाशी डोळ्यांपुढं अंधारी आली, खाली पडल्या. ऊन लागलं म्हणाल्या."

मग पाळंद्यांनी नाडी धरली, छातीवर नळी ठेवली, आणि डोळे मिटून फार वेळ ऐकले. नंतर नळी केतकीच्या कानांत दिली. आवाज क्षीण होता. पण आज तिच्या पहिल्यांदाच लक्षात आले, की त्या आवाजापाठोपाठ झडप मिटल्याचा जो ठोका यायला हवा तो जवळजवळ येतच नव्हता. मनगटातली नाडी दमलेल्या माणसाने पायरी चढावी तशी हळूहळू वर येत होती.

पाळंदे शांतपणे म्हणाले, "ही झडप कधी सुधारत नाही, केतकी. कुठलंही औषध ती उघडत नाही. हृदयात जोर असतो तोवर ते अरुंद दारातून रक्त रेटतं, म्हणून आवाज होतो. हृदय थकलं की रक्तच कमी जातं, आणि आवाज बसतो. तू ऐकलंस ते खरंच ऐकलंस. अर्थ उलटा लावलास. आणि ही बाई खोटं बोलली नाही. तिला दम लागत नव्हता, कारण दम लागेल असं एकेक काम तिनं सोडून दिलं होतं. दुखणं जेवढं वाढलं, तेवढं तिनं जगणं आखडून घेतलं."

मथुराबाई सगळे ऐकत होत्या. त्यांनी केतकीकडे पाहून विचारले, "बाई, तुम्ही तर बरं आहे म्हणाला होतात."

केतकीने सरांकडे पाहिले. ते नळी गुंडाळून पिशवीत ठेवत होते. तेव्हा ती म्हणाली, "माझं चुकलं, मावशी."

दुसऱ्याच दिवशी मथुराबाईंना जिल्ह्याला नेले. इकोत दिसले, की झडपेचे तोंड बोरूच्या टोकाएवढे उरले होते, हृदयाचा स्नायूही अशक्त झाला होता. चक्कर येऊ लागल्यावर अशा रुग्णाचे दिवस मोजकेच असतात, कोणाला दोन वर्षे मिळतात तर कोणाला दोन महिनेही मिळत नाहीत, हे पाळंद्यांनी मुलाला, रघुनाथला, आडपडदा न ठेवता सांगितले. झडप बदलणे हा एकच उपाय होता. शहरातल्या रुग्णालयाने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. त्याहून अलीकडची मिळावी म्हणून पाळंद्यांनी जुन्या सहकाऱ्यांना फोन केले, पण जमले नाही. तोवर ओझे उचलायचे नाही, चढायचे नाही, असे बजावून मथुराबाईंना घरी पाठवले.

बाराव्या दिवशी सकाळी मथुराबाई न्हाणीतून बाहेर आल्या आणि उंबऱ्यापाशी कोसळल्या. गाडी येईपर्यंत सगळे संपले होते.

केतकी दोन दिवस दवाखान्यात आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती सरळ पाळंद्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. तिने एकच प्रश्न विचारला. "सर, मी त्याच दिवशी पाठवलं असतं, तर त्या वाचल्या असत्या का?"

म्हातारा माणूस धीर देईल, नशिबाचे नाव घेईल, असे तिला मनातून वाटत होते. पाळंदे म्हणाले, "बहुधा हो."

मग ते पुढे म्हणाले, "खोटं सांगून तुझं मन हलकं करता येईल. पण पुढच्या रुग्णाच्या छातीवर नळी ठेवताना हे ओझं तुझ्याजवळ असलेलं बरं. आणि ते एकटीचं समजू नकोस. मी तिला दोन वर्षं पाहत होतो. दम लागतो का, एवढंच विचारत होतो. गावांची नावं मीही विचारली नव्हती. जे चुकलं ते मात्र तिच्या घरी जाऊन सांगावं लागेल. तुझं तू एकटीनं सांग. मी माझं नंतर सांगेन."

तेरावा झाल्यावर केतकी त्या घरी गेली. रघुनाथ अंगणात बसला होता. तिने उभ्यानेच सांगितले, की सात आठवडे तिच्यामुळे वाया गेले, आणि ते गेले नसते तर शस्त्रक्रिया वेळेत झाली असती. तो म्हणाला, "हे आता सांगून काय उपयोग?"

"नाही सांगितलं तर तुम्ही देवाची इच्छा म्हणून सोडून द्याल," केतकी म्हणाली. "ती माझी चूक होती. तुम्हाला ठाऊक असायला हवं."

तो उठून घराच्या मागल्या अंगाला निघून गेला. केतकीही जायला वळली, तेव्हा शोभाने तिला थांबवले आणि ओट्यावर बसायला जागा केली.

मग शोभा खाली बघत म्हणाली, "दिवाळीपासून चढाच्या दोन गावांना पेटी घेऊन मीच जात होते. मला वाटायचं, सासूबाई आता मला राबवायला लागल्या. मनात फार राग धरला होता मी. दुखणं असेल असं एकदा पण वाटलं नाही, बाई. एकदा पण विचारलं नाही."

केतकीने तिचा हात हातात घेतला. दोघींपैकी कोणी रडले नाही.

त्या बाईचे आखडत जाणारे पाऊल डॉक्टरांच्या कागदावर नव्हते. ते घरच्यांच्या डोळ्यांपुढे होते, आणि तेथेही त्याचे कारण कोणी विचारले नव्हते.