साळूची माती

नदीकाठच्या एका रानात करंजाच्या झाडाखाली बीळ करून एक काटेरी साळू राहत असे. एके वर्षी पूर आला आणि तिचे एकुलते एक पिल्लू बिळातच बुडाले. त्या दिवसापासून तिने एकच ध्यास घेतला, पाण्याने विरघळणार नाही अशी माती करायची. चिकणमातीत कधी राख घालावी, कधी झाडाची राळ. गोळा ओढ्यात ठेवावा आणि तो विरघळेपर्यंत त्याच्याकडे बघत बसावे. शेजारची घूस विचारी, "साळूताई, काय चाललंय एवढं?" "कुठे काय!" म्हणून साळू पाठ फिरवी. हळूहळू तिच्याशी कोणी बोलेनासे झाले. मुलांनो, तिला ते फार लागे. पण आपला शोध दुसराच कोणी स्वतःच्या नावावर खपवील, ही धास्ती त्याहून मोठी होती.

एकदा एक गोळा आठ दिवस झाले तरी विरघळला नाही. साळूला आनंद झाला, पण तो सांगायला जवळ कोणी नव्हते. पावसाळ्यातल्या पुराला अजून महिना होता. "आधी मी वापरून बघते, मग सांगेन," असे ठरवून तिने एकटीने आपले बीळ लिंपले आणि पाणी चढताच आत शिरून तोंडही बुजवून टाकले. पाण्याचा थेंब आत आला नाही. पण वाराही आला नाही! जीव घुसमटू लागला तेव्हा छत उकरून ती कशीबशी टेकाडावर पोचली. खाली घुशीचे बीळ पाण्याखाली गेले होते. घुशीची दोन पिल्ले त्यात गेली.

टेकाडावर वाळवीचे वारूळ होते. रडणाऱ्या साळूची हकिकत ऐकून वाळवी म्हणाली, "माती झकास जमलीय गं. पण वारा खेळायला वाट नको का ठेवायला? आम्हाला विचारायचंस की!" मग वाळवीने आपली फौज लावून बिळाबिळाला पाण्याच्या वर उघडणारे झरोके काढले आणि साळूच्या मातीने भिंती लिंपल्या. राळ कुठली नि किती घालायची, हे म्हातारे घुबड आपल्या शाळेत शिकवू लागले. रानाची राखण करणाऱ्या टिटवीने पाणी चढताच, बिळांची तोंडे वेळेवर बुजवता यावीत म्हणून, वर्दी देण्याचे काम पत्करले.

पुढच्या पुरात एकही बीळ भिजले नाही. पाणी ओसरल्यावर घूस आपल्या नव्या पिल्लांना घेऊन बाहेर आली.

"साळूताई, किती गुणाची माती ही! मागच्या पुरात कुठे होती गं?"

साळूची मान खाली गेली. "माझ्याजवळच होती," ती म्हणाली.

 पिल्लांना पुढे घालून घूस आपल्या बिळात निघून गेली.

तात्पर्य : शोध एकट्याला लागला तरी तो कामी येतो चौघांच्या हातांनी, आणि दडवून ठेवलेल्या शोधाची किंमत ज्याला त्याचा पत्ताही नसतो, त्याला मोजावी लागते.