तळबोरीची मुकी घंटा

तळबोरीच्या शाळेच्या ओसरीवर पितळेची मोठी घंटा टांगलेली आहे. तिला लोलक आहे, दोरी आहे, पण ती कोणी वाजवत नाही. शाळा भरायची वेळ झाली की मुलांनी निवडलेला शाळाप्रमुख फाटकापाशी जातो, माळाकडे तोंड करतो आणि खणखणीत हाक देतो, "या रे, सगळे या! कोण ऱ्हायलंय?" पाहुण्यांना याचं फार कौतुक वाटतं. मग गावातले शिरपतनाना त्यांना घंटेखाली उभं करून गोष्ट सांगतात. नानांनी ती आजीकडून ऐकली; आजीनं कोणाकडून ऐकली ते देव जाणे.

फार जुनी गोष्ट. तेव्हा शाळाप्रमुख होती गोदा, पाटलांची मुलगी. घंटा वाजवण्याचा मान तिचा. पोर भलती करारी होती, असं सांगतात. एका हिवाळ्यात नंदीबैलवाल्यांची पालं माळावर उतरली. त्यांतली भिवरा नावाची मुलगी घंटा ऐकली की धावत यायची आणि फाटकाबाहेर बसून आतले पाढे आपणही म्हणायची. गोदानं एक दिवस तिला हाताला धरून आत आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं. दुसऱ्या दिवशी निम्मी शाळा रिकामी. पालावरच्या पोरीशेजारी आपली लेकरं बसवायची नाहीत, असं गावानं ठरवलं होतं. मास्तरांनी मान खाली घातली आणि भिवराला बाहेर काढलं.

ते गोदाच्या जिव्हारी लागलं. ज्या घंटेच्या भरवशावर भिवरा धावत यायची, ती घंटा गोदाच वाजवत होती ना! तिनं शपथ घेतली, घंटा वाजेल तर सगळ्यांसाठी, नाहीतर कोणासाठीच नाही. शाळा सुटल्यावर तिनं घंटेचा लोलक काढला आणि घरी ज्वारीच्या कणगीत लपवला. सकाळी गाव विचारेल, लोलक कुठं गेला? मग आपण सगळ्यांसमोर सांगू, भिवराला आत घ्या, तरच देते. एवढाच तिचा बेत होता.

गावानं विचारलंच नाही. लोलक नाहीसा झाला म्हणताच सगळ्यांची बोटं माळाकडे वळली.

"म्या काढलाय! घरी हाय!" गोदा ओरडत राहिली.

"पाटलाची लेक व्हय चोरी करनार?" म्हणत लोक हसले आणि काठ्या घेऊन निघाले. गोदा जीव तोडून घरी पळाली, कणगीतून लोलक काढला आणि तशीच माळावर धावली. तोवर पालं पेटली होती. बैल पुढे घालून माणसं ओढ्यापलीकडे गेली होती आणि भिवरा त्यांच्यात कुठं दिसतही नव्हती. गोदानं लोलक बापापुढे धरला. पाटील लोकांकडे वळून म्हणाले, "बघा, चोरून हिच्याकडं दिला व्हता त्या पोरीनं."

लोलक पुन्हा बसवला, पण म्हणे घंटा वाजेना. कोणी म्हणतात, बसवताना तिला तडा गेला. नाना म्हणतात, तिला लाज वाटली असेल. गावात कोणाला तरी वाटायला हवीच होती. गोदा मात्र रोज फाटकापाशी उभी राहून रिकाम्या माळाकडे हाक मारायची, "भिवरे, ये गं! शाळा भरली!" लग्न होऊन सासरी जाईपर्यंत तिनं ते सोडलं नाही. भिवरा काही परत आली नाही. पुढच्या प्रमुखांनी हाक चालू ठेवली; भिवराचं नाव तेवढं तिच्यातून गळालं.

आजही हिवाळ्यात माळावर पालं उतरतात. हाक ऐकून तिथली मुलं उठतात आणि पळत रस्त्यापर्यंत येतात. शाळाप्रमुखाच्या छातीवर बिल्ला असतो, पाहुणे टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. हाक देऊन झाली की शिपाई फाटक लावून घेतो.