बुटातला खिळा

एका गावाला धावण्याचं भारी वेड होतं. तिथं शर्यत जिंकणारा आपले खिळ्यांचे बूट झिजले तरी फेकत नसे. ते मैदानाकडेच्या चिंचेला टांगायचे, अशी तिथली रीत. वर्षानुवर्षं ते बूट तिथं लोंबकळत, सडत आणि गावाचा मान वाढवत. खाली पोरं मात्र खडीवर अनवाणी पळत आणि गुडघे फोडून घेत. त्याचं कुणाला फारसं काही वाटत नसे.

शेजारच्या गावात हौसाक्का नावाची बाई जुन्या टायरांचा आणि बुटांच्या तळव्यांचा चुरा करायचं यंत्र चालवत असे. तिनं निरोप धाडला, की झिजलेले बूट द्या, त्यांच्या रबराचा चुरा करून तुमच्या पोरांना पळायला मऊ पट्टा करून देते. अट एकच होती. बुटाचे खिळे आधी काढायचे आणि पोत्यात टाकताना ‘खिळे काढले’ असं तोंडानं म्हणायचं. तेवढ्यावर ती विश्वास ठेवणार होती.

जयसिंग हा गावातला सगळ्यात नावाजलेला धावपटू. त्याचे बूट चिंचेच्या सगळ्यात वरच्या फांदीवर. त्यानं दिले तर सगळे देतील, हे सरपंचांनी ओळखलं आणि त्यालाच गळ घातली. जयसिंग पकड घेऊन बसला. अकरा खिळे निघाले. बारावा गंजून असा घट्ट बसला होता, की काही केल्या हलेना. बाहेर सरपंच, ढोल आणि हार त्याची वाट बघत होते. एका खिळ्यानं काय होतंय, असं म्हणून त्यानं बूट पोत्यात टाकले आणि मोठ्यानं सांगितलं, “खिळे काढले.” टाळ्या पडल्या. मग गावानं अख्खी चिंच रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी मैदानात मांडव पडला आणि जयसिंगला हार घालून मंचावर बसवलं. टेम्पोतून यंत्र आलं. त्यामागून हौसाक्का उतरली, तेव्हा जयसिंगनं तिला पहिल्यांदा पाहिलं. तिला डावा डोळा नव्हता. सरपंच भाषणात मोठ्या कौतुकानं सांगू लागले, की मागं कुणाच्या तरी बुटात राहिलेला खिळा पात्यावरून उडाला, चष्म्याची काच फोडून डोळ्यात घुसला, तरी बाईंनी काम सोडलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जयसिंगचे हात मांडीवरून उठले नाहीत.

पोती नऊ होती, सगळी सारखीच. आपला बूट कुठल्या पोत्यात आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. यंत्र सुरू झालं. हौसाक्का वाकून एकेक तळवा पात्याखाली सरकवू लागली. उठून सांगावं, असं त्याला वाटे. मग गळ्यातला हार हाताला लागे आणि तो पुन्हा टेकून बसे. पहिलं पोतं संपलं. काही होणार नाही, तो मनाशी म्हणाला. दुसरंही संपलं. तिसऱ्यात काहीतरी खडखडलं. तो नुसता खडा होता. हौसाक्कानं तो बाजूला फेकला आणि पदरानं आपला उरलेला डोळा पुसला.

ते बघून त्याला बसवेना. चौथ्या पोत्याची दोरी सुटत होती. तो उठला. भाषण करायला उठला असं वाटून सरपंचांनी हसत त्याचा हात धरला. तो हात झटकून जयसिंगनं मंचावरून खाली उडी मारली. यंत्र वीसच पावलांवर होतं, पण इतका जीव खाऊन तो उभ्या जन्मात धावला नव्हता. त्यानं जाऊन स्विच बंद केला.

“आक्का, माझ्या बुटात खिळा हाय,” तो सगळ्यांदेखत म्हणाला. “काढलाय म्हणून मी खोटं बोललो.”

शरमेनं जयसिंगला मान वर करवेना. हौसाक्कानं हातातला तळवा खाली ठेवला.

“गंजला की न्हाई निघत, बाबा,” ती म्हणाली. “राह्यलाय एवढंच सांगायचं हुतंस. मी काढला असता.”

मग दोघांनी उरलेली पोती जमिनीवर पालथी केली आणि एकेक बूट उलटून बघितला. जयसिंगचा बूट सातव्या पोत्यात निघाला. पण सगळा ढीग बघून झाला, तेव्हा त्याच्या बुटाशेजारी खिळे राहिलेले आणखी सहा बूट मांडलेले होते. त्यांचे धनी मांडवातच होते. जयसिंगनं उडी मारली तोवर तेही यंत्राकडेच बघत बसले होते.

तात्पर्य एवढंच: नको झालेली वस्तू दुसऱ्याच्या पोत्यात टाकली की दान होत नाही; ती ज्याच्या हातात जाणार त्याची काळजी आधी घ्यावी, आणि तिथं चुकलो तर कुणाला इजा होण्याआधी तोंड उघडावं.