ढोलीतली हाक

एका जंगलात, बेहड्याच्या उंच झाडावर, धनेश पक्ष्यांचे एक जोडपे राहत असे. अंडी घालायची वेळ आली, की धनेशीण ढोलीत शिरे आणि आतून चिखलाने दार लिंपून घेई. उरे ती फक्त चोचीपुरती फट. आत तिची पिसे झडत, पिल्ले वाढत आणि धनेश त्या फटीतून सगळ्यांना फळे भरवी. त्यांचा रिवाजच तसा असतो, बाळांनो.

एकदा मोठी वावटळ उठली आणि धनेश परतलाच नाही. सकाळ गेली, दुपार गेली. दोन्ही पिल्ले चोची वासून रडू लागली. दार फोडावे, तर धनेशिणीच्या अंगावर उडण्यापुरती पिसे नव्हती. "ज्याने चोच दिली, तो चारा देईल," असे म्हणत ती देवाला आळवत राहिली.

फटीशी कावळा आला. "काय वहिनी, देव टोपली घेऊन निघाला वाटतं? ऊन फार आहे, थोडा उशीर होईल हं!" असे म्हणून तो हसत उडून गेला. धाकटे पिल्लू आता रडतही नव्हते. घरची अडचण चारचौघांत कशी सांगावी, हा संकोच ते पाहून धनेशिणीने गिळला आणि हाक मारली, "अहो, कुणी आहे का? माझी लेकरं उपाशी आहेत हो!"

शेजारच्या फांदीवरची खार धावत आली. "अगं काकू, देवाला हाक मारलीस, मग आम्हाला का नाही?"

"तुम्हाला कशाला त्रास, म्हटलं."

"वा गं वा! मग त्याने आम्हाला शेजारी कशाला ठेवलंय?"

खारीने लगेच उंबरे आणली. धाकट्याने डोळे उघडले. तेवढ्यात सशाने खालून ओरडून सांगितले, "काका करवंदीच्या जाळीत सापडले! पंख दुखावलाय, पण जीव शाबूत आहे. मी आहे त्यांच्यापाशी!" त्या दिवसापासून फटीतून कधी खारीचा इवलासा पंजा येई, कधी माकडाचा केसाळ हात. एकदा तर एक काळी चोच आली आणि जांभूळ ठेवून मुकाट्याने निघून गेली.

नवी पिसे फुटल्यावर धनेशिणीने दार फोडले आणि ती पिल्लांसह धनेशजवळ उतरली. त्याचा पंखही आता सावरला होता. पानांआडून कावळा ओशाळून म्हणाला, "वहिनी, देवाची टोपली जरा जड होती. म्हणून एक जांभूळ मी उचललं."

तात्पर्य : संकटात देवावर विश्वास ठेवावा आणि शेजाऱ्याला हाक मारायला लाजू नये; देवाची मदत बहुधा शेजाऱ्याच्याच हाताने येते.