घटका भरली

एका नदीला दोन काठ होते आणि दोन्ही काठांना एकेक गाव होते. नदीच्या मधोमध एक बेट होते आणि त्या बेटावर दोन्ही गावांच्या मालकीचे हिरवेगार कुरण होते. दरवर्षी सुगी आटोपली की दोन्ही गावांचे लोक होड्यांत बसून बेटावर येत आणि तिथे अकरा-अकरा गड्यांचा फुटबॉलचा सामना रंगे.

खेळ चांगला होता, पण खेळणारे फार तापट झाले होते. कुणी पाय घालून पाडे, कुणी सदरा ओढी, कुणी पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. पंच होते वैद्यबुवा. त्यांच्याजवळ दोन रुमाल असत. पिवळा रुमाल म्हणजे ताकीद. लाल रुमाल म्हणजे सामन्यातून बाहेर, आणि वर वर्षभर बेटावर पाय ठेवायचा नाही.

पिवळ्याला कुणीच भीत नसे. "वैद्यबुवा, अजून दोन दाखवा, सदरा शिवून घेतो," असे खेळाडू म्हणत. आणि लाल काढायला वैद्यबुवांचा हात धजत नसे. एकदा काढला होता, तेव्हा त्यांना कुणी होडीत घेतले नाही. बिचारे पोहत घरी गेले.

मागच्या वर्षी तर सामना अर्ध्यातच मोडला. लाठ्या निघाल्या, डोकी फुटली. वैद्यबुवांनी सगळ्यांना पट्ट्या बांधल्या. कापड कमी पडले तेव्हा त्यांनी पिवळा आणि लाल असे दोन्ही रुमाल फाडून वापरले आणि म्हणाले, "आजपासून मी फक्त वैद्य."

मग दोन्ही गावांच्या पाटलांनी ठरवले की येत्या वर्षी शेवटची संधी द्यायची. पुन्हा भांडण झाले तर बेटाच्या मधोमध कुंपण घालायचे, कुरण अर्धे अर्धे वाटून घ्यायचे आणि खेळ कायमचा बंद. कुंपणासाठी लागणारे वासे तोडून बेटावर आणूनही ठेवले.

ही बातमी सर्वांत जास्त जिव्हारी लागली ती अलीकडच्या गावातल्या लोहाराच्या मुलाला. त्याच्यासारखा खेळाडू दोन्ही काठांवर नव्हता. वर्षभर भात्यापुढे घाम गाळायचा तो याच एका दिवसासाठी. पण त्याचा राग भट्टीतल्या निखाऱ्यासारखा होता, जराशी फुंकर पडली की लाल. मागच्या वर्षीची पहिली लाथ आपलीच होती, हे त्याला ठाऊक होते. खेळ बुडाला तर आपल्यापायी बुडेल, या विचाराने त्याला घास गोड लागेना.

आता पंच कोण व्हायचे? या गावाचा माणूस त्या गावाला चालेना. शेवटी दोन्ही पाटील सुईणमावशीकडे गेले. दोन्ही गावांतली बाळंतपणे तिच्याच हातची.

"बावीसच्या बावीस जणांना पहिल्यांदा मीच रडवलंय," मावशी हसत म्हणाली. "मला कोण जवळचा आणि कोण लांबचा? होईन मी पंच. पण माझी एक अट आहे. ताकीद म्हणजे काहीच नाही आणि हकालपट्टी म्हणजे सगळंच, असं कसं चालेल? चुलीवरचं दूध उतू जायला लागलं तर आपण ते नुसतं बघत बसत नाही, आणि मोरीत ओतूनही देत नाही. थोडा वेळ खाली उतरवून ठेवतो. ज्याचं डोकं तापेल त्यालाही तसंच करायचं. थोडा वेळ बाहेर बसवायचं आणि मग परत आत घ्यायचं."

"थोडा वेळ म्हणजे किती?" एका पाटलांनी विचारले.

मावशीने जोशीबुवांकडून घटिकापात्र मागवले. ही एक तांब्याची वाटी असते, तिच्या बुडाला बारीक भोक. पाण्याने भरलेल्या गंगाळात सोडली की वाटी हळूहळू भरते आणि बुडते. लग्नाचा मुहूर्त तिच्यावरच धरत. मावशीने तशीच एक वाटी तांबटाकडून घडवून घेतली, फक्त भोक जरा मोठे ठेवले, म्हणजे ती लवकर भरावी.

"ही बुडेपर्यंत," ती म्हणाली.

गावात चर्चा सुरू झाली. "हे काय, शाळेतल्या पोरांसारखं कोपऱ्यात बसवणार?" एकाने नाक मुरडले. दुसरा म्हणाला, "बसून बसून गड्याचे पाय आखडतील, त्याचं काय?" तिसऱ्याला वेगळीच काळजी. "एक गडी कमी झाला की बाकीचे दहा गोलासमोर भिंतीसारखे उभे राहतील. मग बघायचं काय, भिंत?"

"पाय आखडले तर मी तेल लावून देईन," मावशी म्हणाली. "आणि भिंत बघायला कंटाळा आला तर फुटलेली डोकी आठवा."



सामन्याचा दिवस उजाडला. बेट माणसांनी फुलून गेले. मैदानाच्या कडेला करंजाच्या झाडाखाली गंगाळ ठेवले होते आणि शेजारी पाट मांडला होता. वाटीची राखण जोशीबुवांकडे होती. पलीकडे कुंपणाचे वासे रचून ठेवले होते. लोहाराच्या मुलाची नजर सारखी त्या वाशांकडे जात होती.

खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात पलीकडच्या गावातल्या नावाड्याच्या मुलाने त्याला पाय घालून पाडले. मावशीचे तिकडे लक्ष नव्हते. लोहाराचा मुलगा उठला, त्याने नावाड्याच्या मुलाच्या छातीत दोन्ही हातांनी ढकलले आणि मावशीकडे वळून ओरडला, "म्हातारे, डोळे घरी ठेवून आलीस का?"



मावशीने करंजाकडे बोट केले. "जा. घटका भरू दे."

आता झाले असे, की त्या मुलुखात ‘घटका भरली’ हे शब्द एकाच प्रसंगी उच्चारत. कुणाचा शेवट जवळ आला की म्हणत, "त्याची घटका भरली." मावशीचे बोलणे मागच्या लोकांना नीट ऐकू आले नाही. एकाने दुसऱ्याला सांगितले, "मावशी म्हणते, लोहाराच्या पोराची घटका भरली." दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितले, "शाप दिला तिनं पोराला." बघता बघता अलीकडच्या गावातली माणसे उभी राहिली. ते पाहून पलीकडचीही उठली. कुणीतरी कुंपणाच्या वाशाला हात घातला.

लोहाराच्या मुलाचे हातही शिवशिवत होते. सगळे गाव त्याच्या पाठीशी उभे होते. त्याने नुसती मूठ उगारली असती तरी पुरे होते.

मावशी त्याच्याजवळ आली. "लेका, मी जन्माची वेळ धरणारी बाई. मरणाची कशाला सांगू? वाटी भरेपर्यंत बस म्हणाले, एवढंच. तुझी जागा कुठं पळून जात नाही."

त्याने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा त्या वाशांकडे. मग तो आपल्या गावकऱ्यांकडे वळला आणि म्हणाला, "खाली बसा सगळे. मी पण बसतोय." आणि तो मान खाली घालून करंजाखालच्या पाटावर जाऊन बसला.

वासा उचललेल्या माणसाने तो हळूच खाली ठेवला.

जोशीबुवांनी वाटी पाण्यावर सोडली. वाटीच्या बुडातून पाणी हळूहळू वर येऊ लागले, अगदी झऱ्यासारखे. इकडे दहाच गडी उरलेल्या अलीकडच्या संघाची दमछाक होऊ लागली आणि नावाड्याच्या मुलाने गोल केला. लोहाराच्या मुलाने ओठ चावला.

"अरे, जोशीबुवा खेळ बघतायत," मागून त्याचा मित्र कुजबुजला. "बोटानं दाब की ती वाटी."

त्याचे बोट पुढे झाले. वाटीच्या काठाला टेकलेसुद्धा. मग त्याने हात मागे घेतला. "नको. मी ढकलाढकली केली म्हणूनच इथं बसलोय," तो म्हणाला.

वाटीकडे बघवेना म्हणून त्याने मैदानाकडे पाहिले. इतकी वर्षे तो खेळला होता, पण त्याने खेळ असा बाहेरून कधी पाहिलाच नव्हता. आत असताना त्याला फक्त चेंडू दिसे. आता त्याला सगळेच दिसत होते. पलीकडचे गडी सगळे उजवीकडे गोळा होत होते, आणि डावीकडे आपल्याच संघातला कुंभाराचा लाजाळू मुलगा एकटाच मोकळा उभा होता. त्याच्याकडे कुणी चेंडू देतच नव्हते. आपणही कधी दिला नाही, हे लोहाराच्या मुलाला आठवले. एव्हाना त्याचा श्वास शांत झाला होता.

टुबुक. वाटी बुडाली.

"घटका भरली," जोशीबुवांनी हाक दिली, आणि लोहाराचा मुलगा पाटावरून उठून मैदानात धावला. तेव्हा कुठे लोकांना त्या शब्दांचा अर्थ कळला. सगळे गाव हसत टाळ्या वाजवू लागले.

तो आत येतो न येतो तोच नावाड्याच्या मुलाने पुन्हा त्याच्या घोट्यावर लाथ मारली.  लोहाराचा मुलगा पडला, उठला, गुडघ्याची माती झटकली आणि म्हणाला, "जा गड्या, पाट गरम आहे अजून."

मावशीने या वेळी सगळे पाहिले होते. तिने बोट करताच नावाड्याचा मुलगा निमूट पाटावर जाऊन बसला. त्याच्या गावातून एक लाठीही उठली नाही. वाटी त्याच्यासाठीही तेवढीच हळू भरत होती.

मग लोहाराच्या मुलाने बरोबरीचा गोल केला. नावाड्याच्या मुलाची घटका भरली, तोही परत आला, तोही शहाण्यासारखा खेळू लागला. बावीस गडी असे खेळले, की म्हाताऱ्या माणसांनीही असा खेळ पाहिला नव्हता. ऊन कलले. शेवटच्या क्षणी लोहाराच्या मुलाकडे चेंडू आला. समोर गोल दिसत होता. "मार, मार," गाव ओरडत होते. पण उजवीकडून तिघे त्याच्यावर धावून येत होते. त्याने न बघताच चेंडू डावीकडे सोडला. तिथे कुंभाराचा मुलगा एकटा उभा होता. त्याने पाय लावला आणि चेंडू थेट गोलात गेला.

हलगी कडाडली. दोन्ही काठांवरची पाखरे उडाली. नावाड्याच्या मुलाने स्वतः लोहाराच्या मुलाला खांद्यावर घेतले, आणि लोहाराच्या मुलाने मावशीचे पाय धरले. मावशीने ती तांब्याची वाटी डोक्यावर घेतली आणि दोन्ही गावे तिच्यामागून नाचत निघाली.

कुंपणाच्या वाशांचे पुढच्या वर्षी नवे गोलखांब झाले.

आणि त्या दोन गावांत ‘घटका भरली’ हे शब्द आता कुणी दबक्या आवाजात बोलत नाही. रुसून अंगणात जाऊन बसलेल्या लेकराला आई दारातून हाक मारते, "घटका भरली रे, ये आता आत."

तात्पर्य: चुकलेल्याला मोकळे सोडू नये आणि कायमचे हाकलूही नये. शांत व्हायला थोडा वेळ द्यावा, आणि त्याची परत यायची जागा राखून ठेवावी.