ठिपकेवाला जावई

फार फार पूर्वी, तुमचे-माझे खापरपणजोबासुद्धा रांगत नव्हते तेव्हा, एका डोंगरतळ्यात चिमुकल्या मासोळ्या राहायच्या. त्यांची रीत मोठी झकास. लग्नाचे दिवस आले की मुलगे एका सपाट दगडापुढे नाचायचे आणि मुली आपापला नवरा पसंत करायच्या. कुणी तांबडा, कुणी निळा, कुणी ठिपकेवाला. नुसती बहार!

पण तळ्यातल्या थोरल्या आत्याबाईंच्या मनात काय आलं कोण जाणे. (त्यांचं वय विचारू नका, त्यांनाही ठाऊक नव्हतं.) त्यांनी फर्मान काढलं, "तांबडा रंग सगळ्यांत देखणा. यापुढे जावई तांबडाच!"

आत्याबाईंपुढे बोलायची कुणाची टाप? चार पिढ्यांत तळं तांबडंलाल झालं.

चंगळ झाली ती काठावरच्या खंड्याची. पाण्यात तांबडं काही चमकलं की हा पठ्ठ्या सूर मारायचा, आणि नेम कधी चुकायचा नाही. रोज कुणा ना कुणाचं पिल्लू जायचं. आया रडायच्या आणि नशिबाला बोल लावायच्या.

अशात बिजली नावाच्या मासोळीचं लग्न ठरवायची वेळ आली. दगडापुढे वीस तांबडे मुलगे नाचले. बिजलीने चक्क जांभई दिली.

"आत्याबाई, हे सगळे एकसारखेच! उद्या गर्दीत माझा नवरा मला ओळखू कसा यायचा?"

तेवढ्यात लव्हाळ्याआडून एक ठिपकेवाला बिचकत पुढे आला. तळ्यात तसा तो एकटाच उरला होता. नाचताना दोनदा दगडावर आपटला. बिजली खुदकन हसली आणि म्हणाली, "हाच!"

"अगं, डोकं ठिकाणावर आहे ना?" आत्याबाई कडाडल्या. "पोरं ठिपक्यांची होतील!"

"होऊ देत की! माझी पोरं मला गोडच वाटतील."

लग्नाला कुणी आलं नाही. नवराबायको दोघंच नाचले, आणि काय सांगू, खूप मजेत नाचले.

पुढे पिल्लं झाली, काही तांबडी, काही ठिपक्यांची. खंड्याची नजर तांबड्याला सरावलेली. ठिपकेवाली पिल्लं खाली वाळूवर हुंदडायची, तरी त्याला दिसायचीच नाहीत. वर्ष सरलं. तांबड्या घरांत रडारड चालूच होती, पण बिजलीची ठिपकेवाली सारी पोरं धडधाकट होती.

मग काय, सगळ्या मुलींना ठिपकेवालाच हवा! काही वर्षांत तळं ठिपक्यांनी भरलं. खंड्याही हुशार, तो ठिपके हेरायला शिकला. पुन्हा पिल्लं जाऊ लागली.

तिची धाकटी लेक दगडाशी आली. ठिपकेवाल्यांची रांग तिने बाजूला सारली आणि एकुलत्या एका तांबड्याला पसंत केलं. बिजली तिला अडवणार, तोच आत्याबाईच पुढे झाल्या.

"थांब गं! मी एकदा चुकले, तू चुकू नकोस. पोरीला हवा तो करू दे."

यंदा लग्नाला अख्खं तळं लोटलं. आत्याबाईंनी तर स्वतः फेर धरला. त्यानंतर मुली ज्याची नवलाई वाटेल तो निवडू लागल्या, आणि तळ्यात पुन्हा नाना रंग खेळू लागले. खंड्याला काय हेरावं तेच कळेना. बरेच सूर फुकट गेले, तेव्हा तो रागारागाने दुसरं तळं शोधायला उडून गेला.

तात्पर्य काय, तर ज्या कुळात वेगळेपणालाही पसंती मिळते, त्या कुळाला एकच संकट कधी पुरतं बुडवू शकत नाही.